दुसऱ्याच्या शेतांतलें फूल

ज्याला जमीन नाहीं त्यानें खेड्यांत राहून कशावर जगावें, हा प्रश्न नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमच्या वाचकांना नवा नाहीं. पाऊस पडला तर मजुरी मिळते. न पडला तर तरुण मुलें ऊसतोडीला, पुण्याला अथवा हैद्राबादेला निघून जातात. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत लातूर शहराला प्यावयाचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा मुलखांत स्वतःची शेती व विहीर नसतांहि चालणारा धंदा म्हणून तरुणांस मधमाशापालन शिकवावें, असा विचार ठिकठिकाणीं बोलला जातो. विचार चांगला आहे. परंतु त्याच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न आहे, आणि तो सोडविल्यावांचून पुढें जाऊं नये असें आम्हांस वाटतें.

प्रश्न असा. भूमिहीन तरुण आपल्या पेट्या बांधावरील लिंबाखालीं ठेवतो. त्याच्या माशा दोन-तीन किलोमीटरपर्यंत हिंडतात, आणि ज्याच्या सूर्यफुलांत किंवा करडईंत त्या बसतात तो शेतकरी निराळाच असतो. नांगरट त्यानें केली, बियाणें त्यानें आणलें, कर्ज त्याच्या नांवावर. आणि मध मात्र दुसऱ्याच्या डब्यांत. "माझ्या फुलांवर तुझें पोट कां?" असें त्यानें विचारलें तर उत्तर काय द्यावें? हें फुकटचें खाणें आहे, कीं कष्टाची भाकर?

प्रश्न किरकोळ नव्हे. तरुणाला धंदा शिकविणें म्हणजे केवळ पैसा मिळविण्याची युक्ति दाखविणें नव्हे. गांवांत कोणत्या नात्यानें उभें राहावें हेंहि आपण त्याला शिकवितों. पूर्वीं बलुत्याच्या रीतींत आपल्यापैकीं अनेकांचे वाडवडील वर्षभर गांवाचें काम करीत, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर मात्र मागणारे ठरत. श्रम त्यांचे आणि उपकार दुसऱ्याचा! त्या नात्यांतून महत्प्रयासानें बाहेर पडलेल्यांच्या नातवांना आपण पुनः कोणाच्या बांधावर मिंधें करून बसविणार असूं, तर तसलें शिक्षण न दिलेलें बरें. म्हणून शेतकऱ्याचा आक्षेप हसण्यावारी न नेतां नीट तपासून पाहूं.

प्रथम हें पाहावें कीं, मकरंद कोणाचा. सातबाऱ्यावर जमिनीची, पिकाची, विहिरीची व झाडाचीहि नोंद असते, मकरंदाची नसते. तो कोणाला कापतां येत नाहीं कीं मळतां येत नाहीं. माशी आली नाहीं तर तो फुलांतल्या फुलांत सुकून जातो. मोशेच्या नियमशास्त्रांत शेताच्या कडेचें पीक व सरवा गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राखून ठेवण्याची आज्ञा आहे. तेथें तर धन्याला सहज उचलतां येण्याजोग्या कणसांचा प्रश्न होता. मग जें धन्याला कोणत्याहि उपायानें उचलतां येत नाहीं, त्यावर जमीन नसलेल्याचा हक्क अधिकच असावा, असें म्हणतां येईल. तरी एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. सरवा वेचणारी बाई शेतांतून कांहीं नेते, परंतु शेताला कांहीं देत नाहीं. माशीची गोष्ट निराळी आहे.

हा भेद जे. सी. कुमारप्पा यांनीं फार स्पष्टपणें दाखविला. ते तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यांत १८९२ सालीं जन्मले, आणि १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला त्याचें कार्य त्यांनीं चालविलें; मधमाशापालन हाहि त्या संघाच्या उद्योगांपैकीं एक होता. जबलपूरच्या तुरुंगांत लिहून १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं सृष्टींतील जीव आपलें पोट कसें भरतात याच्या पायऱ्या लाविल्या आहेत. कोणी दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो, ती सर्वांत खालची पायरी. कोणी बागेंतलीं फळें खाऊन जातो आणि बागेला कांहीं देत नाहीं, ती तिच्यावरची. मधमाशी यांहून वर आहे, कारण ती फुलापासून घेतांना त्याच क्रियेनें फुलाला फलद्रूप करते. तिचें घेणें व देणें हीं दोन कामें नाहींत, एकच काम आहे.

आतां आपल्याच पिकांकडे पाहा. सूर्यफुलाच्या एका तबकांत शेंकडों बारीक फुलें असतात, आणि प्रत्येक फुलाचा पराग त्याच्या स्वतःच्या स्त्रीकेसराच्या आधीं पिकतो. दुसरीकडचा पराग कोणीतरी आणून दिला पाहिजे, नाहींतर दाणा पोचट राहतो. हें आणून देण्याचें काम मुख्यत्वें मधमाशीचें. कांद्याच्या बियाण्याचीहि गोष्ट अशीच. अशा शेताच्या धन्यानें बांधावर पेटी पाहिली तर पाहुणा आला असें समजावें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील बदामाचे बागाईतदार तर बहराच्या दिवसांत पेट्या आणून ठेवण्याबद्दल मधपाळालाच भाडें देतात.

परंतु येथें खरें बोलणें अवश्य आहे. सोयाबीनचें फूल स्वतःच्याच परागानें धरतें, ज्वारीला वारा पुरतो, आणि तूरहि बव्हंशीं आपली आपणच फळते. आपल्या दोन्हीं जिल्ह्यांतील पुष्कळ शेतांत हींच पिकें उभीं असतात. त्या शेतांच्या धन्यांना "माझ्या माशांनीं तुमचें उत्पन्न वाढेल" असें सांगून जागा मिळविणारा तरुण पुढच्या वर्षीं तोंड दाखवूं शकणार नाहीं. ज्या शेताला माशीचा लाभ आहे तेथें लाभ सांगावा. जेथें नाहीं तेथें शेजारधर्मानें जागा मागावी, आणि मध निघाल्यावर एक बाटली त्या घरीं आठवणीनें पोंचवावी. ती बाटली भाडें नव्हे आणि बलुतेंहि नव्हे. एका शेजाऱ्यानें दुसऱ्या शेजाऱ्याच्या घरीं ताठ मानेनें नेलेली ती वस्तु आहे.

येथवर माशीनें आपलें ऋण कसें फेडलें तें सांगितलें. पण मधपाळाचें काय? माशी फुलाची लूट करीत नाहीं, म्हणून माशीचा धनी माशीची लूट करीत नाहीं असें ठरत नाहीं.

आग्या मोहोळाला रात्रीं पलिते लावून मध काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्यांत माशा जळतात, अळ्या चेंगरतात, आणि ती वसाहत उद्ध्वस्त होते. युरोपांतहि गवताच्या टोपल्यांतील माशा गंधकाच्या धुरानें मारून मध घेत असत. ही रीत पालटण्याचें श्रेय बरेंचसें अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या एका पाळकाला आहे. १८५१ सालीं त्यांच्या लक्षांत आलें कीं, पेटींत चौकटींच्या मध्यें व भोंवतीं सुमारें एक सेंटिमीटरहून किंचित् कमी अशी फट ठेविली, तर माशा ती मेणानें भरीत नाहींत व तीमध्यें पोळेंहि बांधीत नाहींत; जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. त्यामुळें प्रत्येक चौकट पोळें न मोडतां उचलतां येऊं लागली. खालच्या कोठींत पिल्लें व त्यांचा सांठा, आणि वरच्या कोठींत अधिक झालेला मध, अशी वांटणी शक्य झाली. एवढ्याशा फटीनें मारून घेण्याच्या जागीं वांटून घेणें आणलें. आतां रानांतील आग्या माशीचाहि केवळ मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग राखण्याची रीत वर्ध्याकडील कार्यकर्त्यांनीं शिकविली आहे.

तथापि पेटी चांगली असली म्हणून मन चांगलें असतें असें नाहीं. एक कामकरी माशी बहराच्या दिवसांत सुमारें सहा आठवडे जगते, आणि तेवढ्या आयुष्यांत तिच्या हातून चहाच्या चमच्याचा सुमारें बारावा हिस्सा मध होतो. हें ज्याला ठाऊक आहे त्याला खालच्या कोठीवर हात टाकवणार नाहीं. आपल्याकडे करडई-सूर्यफूल सरल्यावर लिंब व करंज कांहीं दिवस आधार देतात. मग पाऊस पडून रान फुलेपर्यंत माशीला फारसें कांहीं मिळत नाहीं. पिल्लांच्या जागीं ३४-३५ अंश उष्णता राखावी लागते, आणि बाहेर लातूरचा पारा ४० च्या वर गेलेला असतो. तेव्हां माशा पाणी आणून पंखांनीं वारा घालतात. त्या दिवसांसाठीं सांठा सोडावा, सावली द्यावी, जवळ पाणी ठेवावें. मळणीच्या बैलाला मुसकें घालूं नये, हा नियम येथें अक्षरशः लागू आहे. जो माशीला तिच्याच श्रमांतून पोटभर राहूं देत नाहीं, तो मजुराशीं कसा वागेल हें निराळें सांगावयास नको.

गिऱ्हाइकाशींहि हेंच. २०२० सालीं दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रानें बाजारांतील १३ छापांचे मध तपासून त्यांपैकीं १० भेसळीच्या चाचण्यांत उतरले नाहींत असें प्रसिद्ध केलें. मोठ्या कंपन्यांनीं तें नाकारलें. तो वाद बाजूस ठेवूं. परंतु बहराच्या दिवसांत साखरेचा पाक पाजून कोठी भरणें किंवा पोळें मेणानें बंद होण्याआधींच पातळ मध काढून विकणें, हा मोह खेड्यांतल्या दहा पेट्यांच्या मधपाळालाहि होतो. त्याची सारी पत ओळखीच्या माणसांत असते. ती एकदां गेली कीं बाटलीवर कितीहि सुरेख चिठी लावून परत येत नाहीं.

आतां शिकविणारांकडे वळूं, कारण जबाबदारी केवळ शिकणाराची नाहीं. पुण्यास १९६२ पासून मधमाशांचें केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. महाबळेश्वरास राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यांतील मांघर हें २०२२ सालीं राज्यांतील पहिलें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. मंडळाच्या मधकेंद्र योजनेंत निम्मी रक्कम अनुदान व निम्मी शिकणाराची, आणि व्यक्तिगत मधपाळाला १० दिवसांचें शिक्षण, अशी व्यवस्था आहे. तींत स्वतःची शेती असणाऱ्यास प्राधान्य आहे. पण ज्याला शेती नाहीं त्यालाच या धंद्याची गरज अधिक, हें ध्यानांत ठेवून मंडळीच्या पंचांनीं व शिक्षकांनीं अशा तरुणाच्या पाठीशीं उभें राहावें.

दहा दिवसांत पेटी उघडावयास येते. माशी समजावयास सारें वर्ष लागतें. राणी केव्हां थकली, वसाहत केव्हां उडून जाणार, मेणपतंग कोठें शिरला, मुंग्या व वेडा राघू यांच्यापासून बचाव कसा करावा, हें ऋतूमागून ऋतु पाहून कळतें. सह्याद्रीची सातेरी माशी आपल्या उघड्या, तापट मैदानांत फारशी टिकत नाहीं. मेलिफेरा जातीची विलायती माशी मध अधिक देते, पण तिला फुलांमागें गाडींतून हिंडवावें लागतें. हा खर्च एकट्याला झेपत नाहीं. म्हणून चार-पांच तरुणांनीं गाडी, मध काढण्याचें यंत्र व विक्री एकत्र ठेवावी. त्रावणकोरांत मार्तांडम् येथें डॉ. स्पेन्सर हॅच यांच्या ग्रामसुधार केंद्रानें शंभर वर्षांपूर्वीं हेंच केलें. पेटी वांटून ते थांबले नाहींत, तर सहकारानें मध विकण्याची वाटहि घालून दिली, आणि तो मुलूख मधासाठीं प्रसिद्ध झाला. मात्र १९९१-९२ च्या सुमारास एका विषाणुरोगानें दक्षिणेंतील देशी माशांच्या बहुतेक वसाहती नष्ट केल्या, हेंहि तरुणाला पहिल्याच दिवशीं सांगावें. थोड्या पेट्यांनीं आरंभ करावा, हातचें दुसरें काम सोडूं नये, कर्जाचा डोंगर करूं नये. आशा दाखवून धोका लपविणारा शिक्षक हाहि एक प्रकारचा भेसळ करणाराच होय.

शेवटीं जमीन असणाऱ्या बंधूंना एक शब्द. पीक फुलांत असतां दिवसा विषारी औषध फवारलें तर शेजाऱ्याच्या पेट्या एका दिवसांत ओस पडतात. फवारणी करणें भागच असेल तर ती माशा परतल्यावर सायंकाळीं करावी, आणि आदल्या दिवशीं शेजाऱ्याला कळवावें. त्याला पेट्या हलवितां येतील. २०१७ सालीं नांदेडच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. जें माशीला मारतें तें माणसालाहि सोडीत नाहीं. माशी केवळ आधीं मरते.

तर मग त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर काय? "माझ्या फुलांवर तुझें पोट कां?" यास त्या तरुणानें नम्रपणें, पण खालीं न पाहतां सांगावें कीं, जें तुमच्या खळ्यावर कधीं आलें नसतें तें मी घेतों, जेथें शक्य आहे तेथें तुमचा दाणा भरून देतों, माशीचा वाटा माशीला ठेवतों आणि गिऱ्हाइकाला खरा मध देतों. ज्याला असें सांगतां येतें तो कोणाचा मिंधा नाहीं. आणि ज्याला असें सांगतां येत नाहीं, त्यानें शंभर पेट्या ठेविल्या तरी तो त्या पायरीवर चढला नाहीं जिच्यावर त्याची माशी आहे. आपल्या मुलांना पेटी देण्याआधीं आपण त्यांना हें उत्तर देतां येईल असें घडवूं या.