काही तासांचं तीर्थ

नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून चालणारी हुर्तिग्रुतेनची बोट ट्रॉन्डहाइमला काही तास थांबते. प्रवासी निदारोस कॅथेड्रल पाहून परततात. एवढ्यात तीर्थ घडतं का? माझ्या मते घडू शकतं. यात्रेकरू पायपीट करतो, पर्यटक तिकीट काढतो, हा आक्षेप खरा. पण मध्ययुगातही या कॅथेड्रलमधल्या संत ओलाफ राजाच्या समाधीला कित्येक जण जहाजानेच येत. कष्टाला मोल आहे, तरी कष्ट म्हणजे भक्ती नव्हे. १०३० मध्ये लढाईत पडलेल्या या राजाचा देह ठेवलेली चांदीची पेटी धर्मसुधारणेच्या काळात डेन्मार्कला नेऊन वितळवली. देह नेमका कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. श्रद्धाळू काय, पर्यटक काय, दोघांपुढे आज उरलेत ते दगड. त्या राखी-हिरवट दगडांवर पाथरवटांनी कोरलेल्या बारीक खुणा आहेत. फोटोपुरता थांबणारा दिवसभर राहिला तरी त्या त्याला दिसत नाहीत.