उशाशी बसणारं माणूस



सेनगाव, कळमनुरीकडचं माणूस जास्त आजारी पडलं, की हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात आणतात. दुखणं मोठं असलं तर पुढं नांदेडला. सोबतचा नातेवाईक चिठ्ठी घेऊन औषधासाठी पळतो आणि खाटेवरचा जीव छताचा पंखा बघत एकटाच पडून राहतो.

अशा खाटांजवळ थांबणारी माणसं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं. परक्या मुलखातल्या रुग्णांसाठी ते तिथं तीसहून अधिक वर्षं राबले. सांगली-मिरजेजवळच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. १८९७च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना दवाखान्यात पोहोचवत होत्या. त्याच साथीनं १० मार्चला त्यांचा प्राण घेतला.

मला एक मात्र ठामपणे वाटतं. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला आपला धर्म पटवायला जाऊ नये. त्यानं मागितली तर प्रार्थना जरूर करावी. एरवी नुसतं ऐकावं, त्याला काय हवं ते बघावं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचं नर्सी गाव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे.

येत्या रविवारी भेटीच्या वेळेत दवाखान्यात जा. ज्याच्याजवळ कुणीच नाही, त्याला विचारून शेजारी बसा. “जेवलात का? घरी काही निरोप द्यायचा का?” एवढं नक्की विचारा.