विनामूल्य ज्ञान आणि दात्याची अट

दान देताना दात्याने अट घालावी काय? अट घातली, तर ते दान उरते की व्यवहार ठरतो? प्रश्न जुनाच आहे. संगणकाच्या युगाने त्याला नवे रूप दिले आहे.

बंगळूरचे स्वरूप सी. एच. यांनी 'पायथन' ही संगणकाची भाषा नवशिक्यांना शिकवणारे 'अ बाइट ऑफ पायथन' हे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुले केले. शिरपूरच्या वा चोपड्याच्या विद्यार्थ्याने ते उतरवून घ्यावे, मित्रांना द्यावे, मराठीत आणावे. कोणाची परवानगी मागायला नको. पुस्तकाला 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा परवाना आहे. त्यात मुख्य अटी दोनच: मूळ लेखकाचे नाव सांगावे, आणि पुस्तकात भर घालून ते प्रसिद्ध केल्यास ती आवृत्तीही इतरांसाठी तितकीच मोकळी ठेवावी.

नावाचा आग्रह हा अहंकार नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. खानदेशात जात्यावर ओव्या गाणाऱ्या कितीतरी माउल्यांची गीते उरली, नावे मात्र पुसली गेली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. पुत्र सोपानदेव व आप्तांनी त्यांची गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या आणि १९५२ साली ती गाणी त्यांच्या नावानिशी ग्रंथरूपाने आली. नाव सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांचे ऋण मान्य करणे होय.

दुसरी अट अधिक खोल आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहकैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती महाराष्ट्राला लाभली. गुरुजींवर कोणत्याही परवान्याचे बंधन नव्हते. मिळालेले आपल्यापाशीच थांबू नये, हे त्यांच्या अंतःकरणाने जाणले. जे त्यांनी स्वेच्छेने केले, तेच हा परवाना कायद्याच्या भाषेत मागतो. ही अट दात्याच्या लाभासाठी नाही. ज्याच्यापर्यंत दान अजून पोहोचलेले नाही, त्या अनोळखी माणसाचा वाटा ती राखून ठेवते.

मग लेखकाने खावे काय? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना विनामूल्य लाभलेले विनामूल्य देण्यास सांगतो. आणि त्याच उपदेशात पुढे, राबणाऱ्याचा अन्नावर हक्क आहे, असेही बजावतो. या दोन आज्ञांत विरोध नाही. ज्ञान वाटल्याने घटत नाही, म्हणून ते वाहते राहावे. माणसाचे श्रम मात्र खर्च होतात, म्हणून त्याला भाकर मिळावी. स्वरूप यांच्या पुस्तकाच्या छापील प्रती विकण्यासही मुभा आहे. ती प्रत मूळ लेखकाकडून आलेली नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगावे लागते. तेव्हा जळगावच्या झेरॉक्सवाल्याने कागदाचे व मेहनतीचे पैसे घेतले, तर त्यात गैर काही नाही.

परंतु ज्या लेखकाने अशी मोकळीक दिलेली नाही, त्याचे सबंध पुस्तक गरिबीच्या नावाखाली छापून विकणे हे औदार्य नव्हे. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाचे पुण्य कोणालाच लागत नाही.

ज्यांनी फुकट मिळालेल्या पुस्तकांवर विद्या संपादन केली व आज नोकरीधंद्यात स्थिरावले, त्यांनी एखादे प्रकरण सोप्या मराठीत उतरवून गावाकडच्या मुलांच्या हाती ठेवावे. ऋण फेडण्याची याहून सरळ वाट आम्हांला दिसत नाही.