मळणीचा बैल आणि चुलीपुढील माता

अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात एक लहानशी आज्ञा आहे. खळ्यात धान्य तुडविणाऱ्या बैलाच्या तोंडास मुसके बांधू नये, एवढाच तिचा आशय. आमच्या वऱ्हाडच्या शेतकऱ्यास ती समजावून सांगणे नलगे. डवरणीच्या वेळी बैलाच्या तोंडास मुसके बांधावे लागते, कारण तो उभे पीक खाऊन टाकील. परंतु खळ्यातील गोष्ट निराळी. तेथे धान्य हाती आलेले असते, आणि ते बैलाच्याच पायांनी मोकळे होत असते. आता बहुतेक ठिकाणी मळणी यंत्राने होते, तरी तिवड्याभोवती फिरणारे बैल पाहिलेले वडीलजन प्रत्येक मंडळीत अद्याप आहेत. बैलाने फिरता फिरता एक घास उचलला म्हणून रास कमी झाली, असे त्यांनी कधी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

प्रेषित पौलाने हीच आज्ञा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात घेतली आहे (९:९, १०), आणि देवाने ती केवळ बैलांच्या काळजीस्तव दिली काय, असा प्रश्न करून ती श्रम करणाऱ्या मनुष्यांस लागू केली आहे. पौलाने ती सुवार्तिकांस लावली. आज आम्ही ती चुलीपुढे बसणाऱ्या मातेस लावून पाहणार आहो. असे करण्याचे कारण घडले ते प्रथम सांगतो, आणि त्यात आमचाच दोष असल्यामुळे ते सांगणे आम्हांस प्राप्तच आहे.

गेल्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस आम्ही बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे गेलो होतो. घाटाच्या अगदी पायथ्याशी वसलेले हे जुने गाव इतिहासात लढायांमुळे प्रसिद्ध आहे. १४३७ साली बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी पुन्हा येथेच रक्त सांडले. १५८२ साली बांधलेली दगडी मशीद त्या काळाची साक्ष देते. ज्यांच्यासाठी माणसे मेली ती राज्ये गेली. सकाळी चूल पेटविणे आणि लेकरांच्या तोंडी घास घालणे हे काम मात्र तेव्हाही चालले होते व आजही चालले आहे. पण त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

आम्ही ज्या घरी उतरलो, त्यांच्या विहिरीजवळ दहा-बारा गुंठ्यांत भाजीचा मळा होता. उन्हाळ्याचे दिवस, विहिरीचे पाणी खोल गेलेले, तरी पाळीपाळीने पाणी देऊन त्या बाईने गवार, भेंडी, काकडी, दोडके आणि वाफ्याच्या कडेने तांदुळजा जगविला होता. पहाटे तोडणी करून ती घरी आली. कडेवर आठ महिन्यांचे मूल, पदर धरून तीन वर्षांची मुलगी, आणि मागे टोपलीस हात लावीत सहा वर्षांचा मुलगा. भाजी निवडून पोत्यांत भरणे चालले असता मुलीने एक कोवळी काकडी उचलली व म्हणाली, “माय, मले काकडी दे.” आईने ती हातातून काढून घेतली. “हात नको लावू, ती बजाराची हाय.” मुलगी रडली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ती तशीच उभी राहिली. हात पाठीमागे घेण्याची तिला सवय झाली होती, असे आम्हांस वाटले.

दुपारी आम्हांस व घरधन्यास जेवावयास वाढले. ताटात भाकरी, तांदुळजाची भाजी, दाण्याचे कूट घातलेली गवार, काकडीची कोशिंबीर आणि कैरीचे लोणचे होते. आम्ही प्रार्थना केली, देवाचे आभार मानले, आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. नंतर पाणी पिण्यास आत गेलो तेव्हा पातेले रिकामे दिसले. मुलांपुढे भाकरी आणि आमटीचे पाणी होते. आणि ती बाई तान्ह्याला मांडीवर पाजीत ठेच्याशी भाकरी खात होती. जिने पेरले, पाणी दिले, तोडले, निवडले आणि शिजविले, तिच्या वाट्यास त्या मळ्यातील एक शेंगही आली नव्हती. आम्ही खळ्यातील बैलाचे वचन पुष्कळ वेळा वाचले होते, पण त्या दिवशी मुसके बांधणाऱ्यांत आम्हीही होतो.

प्रिय वाचकहो, ही एका घराची निंदा नव्हे. तो घरधनी दुष्ट नाही आणि ती माता निर्दय नाही. असेच आपणां पुष्कळांच्या घरी चालते. म्हणून प्रश्न असा आहे की, घरातील उत्तम ते बाजारास व पुरुषांस, उरेल ते लेकरांस, आणि काही न उरल्यास ते मातेस, हा क्रम ख्रिस्ती घरात योग्य आहे काय?

याच्या समर्थनार्थ तीन गोष्टी सांगण्यात येतात. पहिली गरिबीची. भाजी विकल्यावाचून मीठ-तेल, शाळेचा खर्च, कर्जाचा हप्ता कोठून यावा? हे म्हणणे खरे आहे, आणि ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याने त्याची थट्टा करू नये. परंतु आज्ञा काय सांगते ते पाहा. बैलास रास देऊन टाका, असे ती म्हणत नाही. रास धन्याचीच आहे. घास बैलाचा आहे. पोत्यात भाजी भरताना घरासाठी एक ओंजळ आधी बाजूस काढली तर बाजारात किती रुपये कमी येतील, याचा हिशेब घरधन्याने एकदा खरोखर करून पाहावा. मग त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस मुलाच्या आजारपणाचा खर्चही लिहावा. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा सुमारे ६९ आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ५४ जणींस रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, पण आहारातील लोहाची उणीव हे त्यांपैकी मोठे कारण होय. ज्या घराच्या वाफ्यात तांदुळजा उगवतो, त्या घराची मुले फिकट असावीत, ही गोष्ट केवळ दारिद्र्यावर लोटून आपणांस मोकळे होता येणार नाही.

दुसरी गोष्ट सेवेची. लूकच्या सतराव्या अध्यायात शेतातून आलेला दास आधी धन्यास वाढतो व मग आपण जेवतो, त्याप्रमाणे स्त्रीने सर्वांस वाढून शेवटी जेवावे, असे कित्येक म्हणतात. पण त्याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने दुसरे चित्र दाखविले आहे. तेथे धनी स्वतः कंबर बांधतो, दासांस बसवितो आणि त्यांना वाढतो. पहिल्या दृष्टांतात आपण दास आहो आणि धनी देव आहे. त्यात स्वतःस धन्याच्या जागी बसविण्याचा अधिकार पतीस कोणी दिला? आणि पुनरुत्थित प्रभूने तिबिर्य समुद्राच्या काठी काय केले? निखारे पेटविले, मासळी व भाकर तयार केली, आणि रात्रभर श्रमलेल्या शिष्यांस न्याहारीस बोलाविले (योहान २१). ज्याने मरणास जिंकले त्यास चुलीपाशी बसण्याची लाज वाटली नाही. मग रडते मूल घेण्याची किंवा भाजी निवडण्याची लाज आमच्या बंधूंनी का मानावी?

तिसरी गोष्ट स्वार्थत्यागाची, आणि हीच सर्वांत बळकट आहे. माता आपल्या तोंडचा घास लेकरास देते, यात ख्रिस्ताच्या प्रीतीची छाया आहे. तिला तुम्ही का हलके लेखता? आम्ही ती हलकी लेखीत नाही. परंतु वधस्तंभ हा स्वतः उचलावयाचा असतो; दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून त्याची स्तुती गाणे हे भक्तीचे काम नव्हे. ज्या त्यागास नकार देण्याची सोयच नाही, त्यास त्याग म्हणावे की मुसके? पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात, १८७४ साली, दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गमाविले. उपवास काय असतो ते त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून मुली व स्त्रिया आणिल्या तेव्हा त्यांस उपाशी राहण्याचे पुण्य शिकविले नाही. त्यांच्यापुढे प्रथम अन्न ठेविले. याईराच्या कन्येस उठविल्यावर आपल्या प्रभूनेही तिला काही खावयास द्या, असेच सांगितले (मार्क ५:४३). एवढा मोठा चमत्कार झाला असता त्यास लेकराच्या भुकेची आठवण राहिली.

आणखी एक गोष्ट. जी माता रोज शेवटी जेवते, तिची मुलगी ते पाहते. पाठीमागे हात घेण्यास तिला कोणी शाळेत शिकविले नव्हते. आज आपण जे मुसके बांधू ते पुढल्या पिढीस आयते मिळेल.

आता व्यवहाराचे बोलू. कारण तीन लहान मुले सांभाळीत स्वयंपाक करणाऱ्या बाईस निव्वळ उपदेश करणे म्हणजे तिच्या ओझ्यावर आणखी एक घागर ठेवणे होय. गवार मोडणे, चवळीच्या शेंगा सोलणे, तांदुळजाची पाने खुडणे ही कामे पाच-सहा वर्षांच्या मुलास येतात. त्याच्या हाताने वेळ अधिक लागतो व थोडे सांडते हे खरे. पण स्वतः मोडलेली शेंग मूल आवडीने खाते, आणि शिवाय त्याची सोबतही होते. मात्र विस्तव, उकळते पातेले व विळी यांपासून लहानास दूर ठेवावे. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यात झाकून शिजवावी, आणि ते पाणी फेकू नये. तीत कैरीची फोड किंवा लिंबाचा रस घातल्यास भाजीतील लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागते. सहा महिने पुरे झालेल्या मुलास आईच्या दुधाबरोबर मऊ वरणभात, शिजवून कुसकरलेला दुधी किंवा दोडका, थोडे तूप घालून द्यावा. आणि आमच्या घाटाखालच्या तिखट हाताच्या भगिनींस एक विनंती: फोडणीत तिखट पडण्यापूर्वी लेकरांची वाटी बाजूस काढून ठेवावी. तेणेकरून मुलांस सोसेल असे अन्न मिळेल, आणि पाहुणा कितीही वेळा भाजी मागो, त्यांचा वाटा आधीच राखलेला असेल.

पुरुषांकरिता एकच नियम पुरे आहे. करिंथ येथील मंडळीत प्रभूच्या भोजनास जमले असता एक भुकेला राही व दुसरा मस्त होई, म्हणून पौलाने त्यांस दटाविले आणि एकमेकांची वाट पाहण्यास सांगितले (१ करिंथ ११:२१, ३३). जे आपण मंदिरात पाळतो ते घरात मोडावे काय? आमचे शेजारी पोळ्याच्या दिवशी बैलास पुरणपोळीचा घास आधी देतात व मग आपण जेवतात. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराचा हा मान त्यांस कळतो. रोज राबणाऱ्या बोलक्या मातेचा मान आपणांस कळू नये, ही लाजेची गोष्ट होय.

जून महिन्यात आम्ही पुन्हा रोहिणखेडास गेलो. ताट पुढे आले तेव्हा आम्ही विचारले, “बाई, तुमचे ताट कोठे आहे?” ती संकोचली व म्हणाली, “तुम्ही जेवा ना भाऊ, आमचं होते मागून.” आम्ही हात आवरून बसलो. घरधनी काही वेळ भाकरीकडे पाहत राहिला. मग उठला, आत गेला, आणि तान्हे आपल्या मांडीवर घेऊन बसला. भाकरी निवाली होती. बाई अखेरीस आली, आमच्याकडे थोडी पाठ करून उंबऱ्यापाशी बसली, आणि तिने ताटात गवारीची भाजी वाढून घेतली. मुलगी तिच्या शेजारी होती. आमची प्रार्थना चालली असता काकडी खाल्ल्याचा आवाज आला, आणि कोणीही तिला गप्प केले नाही.

आपल्या प्रत्येक घरी येत्या रविवारी घरधन्याने आधी ताटे मोजावी आणि मगच आभार मानावे, अशी आमची नम्र विनंती आहे.