शंकासमाधान : पलटणीतला धर्मगुरू

शंका : पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये माझे लष्करी धर्मगुरूचे प्रशिक्षण नुकतेच सुरू झाले आहे. मुंज झाल्यापासून माझी संध्या कधी चुकली नव्हती. इथे नेमकी त्याच वेळी पीटी असते. जेवणही सर्वांच्या पंगतीत. आपण नियम मोडतो आहोत, ही टोचणी जात नाही.

समाधान : वेळ टळली म्हणून संध्या बुडत नाही. उशीर झाला तर प्रायश्चित्ताचे एक अर्घ्य जास्त द्यावे, ही सोय तुमच्या पोथीतच आहे. पीटीहून या, स्नान करा आणि बसा. पूजा सांगणाऱ्याला धावायला कशाला लावतात, असेही मनात आले असेल. निवडीच्या वेळी 1600 मीटर 8 मिनिटांत धावायला लावले, ते उगाच नव्हे. जवान ज्या चौकीवर पायी चढतो, तिथे त्याचा पंडितजीही पायीच चढणार.

सोवळ्याबद्दल मात्र मी गुळमुळीत बोलणार नाही. ते पूजेपुरते ठेवा, पंगतीत आणू नका. ज्याच्या शेजारी बसून तुम्ही जेवला नाहीत, तो जवान अडचणीच्या वेळी तुमच्याकडे कशाला येईल?

शंका : इथे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री सगळे एकमेकांच्या धर्माची ओळख करून घेतात. उद्या पलटणीतले मौलवी साहेब रजेवर असले, तर ईदची नमाज मी पढवायची का?

समाधान : पढवायची नाही, पण ती नीट होईल हे पाहायचे. नमाजाला पुढे उभे राहायला पेशाने मौलवीच लागतो असे नाही. ज्याला पाठ येतो असा पलटणीतलाच एखादा मुसलमान जवान इमाम होऊ शकतो. त्याला शोधा. वजूला पाणी, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहता येईल अशी स्वच्छ जागा, आणि त्या वेळेपुरती ड्यूटीतून सुटका, एवढे तुम्ही मिळवून दिलेत की तुमचे काम झाले. गुरुद्वाऱ्यात पाठ करायलाही कोणताही जाणता शीख चालतो. अडते ते कॅथलिक जवानाच्या मिस्साला. तिथे दीक्षित धर्मगुरूच हवा, म्हणून जवळच्या चर्चमध्ये आधीच सांगून ठेवा.

जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्रीत मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एका छपराखाली असतात. जवान त्याला सरळ ‘एमएमजी’ म्हणतात. तिथे कोणी कोणाचा धर्म बदलत नाही, फक्त चपला एकाच दारात काढतात.

आता एक अवघड गोष्ट. जवानांबरोबर गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. फौजेची शिस्त मला कळते, तरी त्या निकालाने माझे मन पुरते निवलेले नाही. पण तो अधिकारी होता, हुकूम देणारा. तुम्ही धर्मगुरू आहात. मंदिर परेडला एखादा जवान मागे उभा राहून हात जोडत नसेल, तर त्याच्याकडे रोखून पाहू नका.

शंका : रुग्णालयात आजारी जवानांना भेटण्याचा सराव चालू आहे. एकाने सांगितले, “भाऊबंदांनी जमीन बळकावली, आता जगून काय करू? पंडितजी, हे कोणाला सांगू नका.” मी शब्द देऊन बसलो. आता झोप लागत नाही.

समाधान : शब्द मोडा, आणि आजच मोडा. सत्यवचनाचे व्रत थोर खरे, पण इथे एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मात्र त्याच्या पाठीमागे जाऊन सांगू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, “मी शब्द दिला होता, तो मला पाळता येत नाही. आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ.” तो चिडेल, कदाचित बोलणेही टाकेल. ते सोसायचे. डॉक्टर येईपर्यंत त्याला एकटे सोडू नका.

यापुढे कोणी “कोणाला सांगू नका” म्हणाला, तर मान डोलावण्याआधीच स्पष्ट करा : जीव जाणार नसेल तोवर माझ्या तोंडून काही बाहेर पडणार नाही. बायकोशी भांडण, उधारी, रजा न मिळाल्याचा राग, यांतले काहीही कंपनी कमांडरच्या कानावर घालायचे तुम्हाला कारण नाही. एकदा जरी घातलेत, तरी सगळ्या बॅरेकला कळेल. शिवाय तुम्ही नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर जाणार. खांद्यावरची ती खूण पाहून जवान आधीच “जी साहेब” म्हणून सावध होतो. त्याला बोलता करायला मुळातच वेळ लागतो.

आणि जमिनीचे काय? उपदेशाने सातबारा बदलत नाही. त्या आजारी जवानाकडून गट क्रमांक, गाव, तालुका लिहून घ्या. कमांडिंग ऑफिसरच्या सहीचे पत्र त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाऊ शकते. त्या पत्रासाठी विनंती तुम्ही करा, आणि पत्र निघाले की एक प्रत त्याच्या हातात द्या.