हात पोहोचण्याआधी

समोरच्या पेल्यापर्यंत हात न्यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. आपल्याला वाटते, डोळे वाट दाखवतात आणि मेंदू पाहत पाहत हाताला नेतो. पण थोडा हिशेब करू. डोळ्यांनी टिपलेला बदल मेंदूने ओळखून त्याप्रमाणे हाताला वळवायला सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात वेगातला हात अर्धी वीत पुढे गेलेला असतो. म्हणजे मेंदूकडे येणारी खबर नेहमी शिळीच. केवळ तिच्यावर विसंबला, तर हात पेल्याच्या पलीकडे जाईल, मागे येईल, पुन्हा पलीकडे जाईल.

निरोगी हाताचे असे होत नाही. पिएत्रो मोरासो यांनी १९८१ मध्ये दाखवले की खांदा आणि कोपर वेगवेगळ्या प्रकारे वळले तरी पंजा जवळजवळ सरळ रेषेत जातो. त्याचा वेग हळूहळू वाढतो आणि तसाच हळूहळू उतरतो.

हे साधते ते अंदाजामुळे. स्नायूंना हुकूम देतानाच, त्या हुकमाने हात कुठे पोहोचेल हे मेंदू ताडतो आणि खबर येण्याची वाट न पाहता पुढचे ठरवतो. भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की ती झटक्यात वर येते. वजन हाताला कळण्याआधीच जोर ठरलेला असतो, म्हणूनच.

याचा नेटका पुरावा रेझा शादमेहर आणि फर्डिनांडो मुसा-इव्हाल्डी यांनी १९९४ मध्ये मांडला. माणसाने यंत्राची मूठ धरून ठरलेल्या ठिपक्याकडे न्यायची. हात हलू लागला की यंत्र त्याच्या वेगानुसार त्याला ढकलणार. सुरुवातीला हाताची वाट वाकडी झाली, सरावाने पुन्हा सरळ झाली. मग न सांगता यंत्राचा जोर काढून घेतला, तेव्हा हात उलट्या बाजूला वळला. ढकलणारे काहीच नव्हते, तरी मेंदूने त्याची भरपाई आधीच करून ठेवली होती. हात केवळ ताठ धरून वाट सरळ झाली असती, तर हा उलटा बाक दिसलाच नसता.

या अंदाजात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. त्याला इजा झालेल्या माणसाचा हात स्वस्थ असताना स्थिर राहू शकतो, पण वस्तूजवळ जाताना थरथरू लागतो, नेम चुकतो. वर केलेला हिशेब इथे उघड दिसतो: अंदाज ढासळला की शिळ्या खबरीने दुरुस्ती करत राहावे लागते. यंत्राच्या प्रयोगातले शिकणेही अशा रुग्णांना जड जाते.

मुलाचा हात वाढत असतो, थकलेल्या स्नायूचा जोर उतरतो, म्हणून कालचा अंदाज आज तंतोतंत लागू पडत नाही. ठरवले ते आणि घडले ते यांतला फरक हाच मेंदूचा शिक्षक. म्हणून चुकणे हा हाताच्या कौशल्याचा पायाच आहे. नवे काम शिकणाऱ्या हाताला चुकायला पुरेशी संधी आणि वेळ द्यायलाच हवा.