तकब्बुर, मरज आणि आरसा

गर्विष्ठ माणसावर दया करावी काय? तकब्बुर म्हणजे काय, हे आम्ही मक्तबातच शिकतो. आदमपेक्षा आपण श्रेष्ठ, एवढ्या एका भावनेपायी इब्लीस धुत्कारला गेला. पण इमाम ग़ज़ालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये गर्वाला हृदयाचा रोग मानून त्यावर इलाजही सांगितला. रोग म्हटला की इलाज करणारा आलाच.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या विकारसूचीत आत्ममुग्ध व्यक्तिमत्त्वविकार नोंदवला. तकब्बुर हा नैतिक दोष, तर हे वैद्यकीय निदान. दोन्ही एक नव्हेत. अशा रुग्णाला स्तुतीची भूक असते, टीका सोसत नाही, दुसऱ्याचे दुःख पोहोचत नाही. संसार मोडला किंवा नैराश्य आले, तरच तो बहुधा उपचाराला येतो. आज उपचारकाला डोक्यावर घेतो, उद्या कवडीमोल ठरवतो. उपचारक कधी चिडतो, कधी स्तुतीने सुखावून त्याच्या होला हो करतो. दोन्ही वाटांनी इलाज बुडतो.

व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या दोन तज्ज्ञांत येथेच मतभेद झाला. हाइन्झ कोहुट यांनी १९७१ च्या ग्रंथात मांडले की बालपणी न मिळालेली दाद हा माणूस उपचारकात शोधतो, त्याला आरसा हवा असतो. म्हणून आधी त्याला समजून घ्यावे. ऑटो कर्नबर्ग यांनी १९७५ मध्ये बजावले की मोठेपणाच्या पडद्याआड राग आणि हेवा असतो. तो त्याला दाखवून दिलाच पाहिजे.

आम्हाला येथे आपला आरसा आठवतो. हदीसमध्ये मोमिनाला मोमिनाचा आरसा म्हटले आहे. आरसा डाग लपवीत नाही आणि त्याचा डांगोराही पिटत नाही. मूसा अलैहिस्सलाम यांना फिरऔनशीही नरमाईने बोलण्याचा हुकूम होता. पण बनी इस्राईलला सोडण्याची मागणी त्यांनी सोडली नाही. नरमाई म्हणजे शरणागती नव्हे.

मात्र उपचारकाचे सब्र आम्ही घरच्यांवर लादू नये. उपचारकापाशी शिक्षण असते, ठरलेली वेळ असते, सहकाऱ्यांचा सल्ला असतो. तास संपला की दार बंद होते. अशा माणसाच्या बायकोला यातले काय मिळते? तिला 'सब्र कर' सांगणारे आम्ही तिचा अपमान रोज वाढवीत असतो. रुग्णावर दया जरूर करावी; तिची किंमत मात्र दुसऱ्याच्या इज्जतीतून वसूल करू नये.